महाड नगरपालिकेचे दोन ठराव

लॉर्ड रिपन यांच्या इ. स. १८८२ च्या ठरावानें नगरपालिकांत लोकनियुक्त सभासदांस महत्त्व आलें. परंतु मताधिकार करादि पात्रतेवर अवलंबून राहिला. या मर्यादेचें फल महाडास दिसलें.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळांत ४ ऑगस्ट १९२३ रोजीं संमत झाला. तदनुसार महाड नगरपालिकेनें १९२४ त चवदार तळें खुलें केलें. पण तें कागदावरच. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं अनुयायांसह तेथील पाणी घेतलें, तेव्हां स्पृश्यांचा क्षोभ झाला आणि ऑगस्टांत नगरपालिकेनें आपलाच ठराव रद्द केला. ज्यांच्या तहानेचा हा प्रश्न, त्यांतील बहुतेकांस मतच नव्हतें. या घूमजावाचें एक कारण आम्हांस येथेंच दिसतें.

पुढें दाव्यांत वादींनीं अनादि वहिवाट पुढें केली. ती शाबीत झाली नाहीं, असा निर्णय मुंबई हायकोर्टानें १७ मार्च १९३७ रोजीं दिला. तात्पर्य, ‘पूर्वापार’ हा शब्द म्हणजे पुरावा नव्हे. संग्राहकांनीं पेशवाईच्या दप्तरांप्रमाणेंच नगरपालिकांचीं इतिवृत्तें व मतदारयाद्याही जतन कराव्या.