मीनावहिनींचा आवाज आणि आपल्या ट्रंकेतल्या कॅसेटी

मंडळी, घरात सत्तरीच्या पुढचं कुणी असेल तर त्यांच्यासमोर नुसतं "टेकाडे भावजी" एवढंच म्हणून बघा. ज्यांच्या घरी तेव्हा रेडिओ होता, त्यांच्या चेहऱ्यावर हसू येईल. आणि पुढचं नाव बहुतेक तेच सांगतील, मीनावहिनी.

साठ-सत्तरच्या दशकांत आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर 'प्रपंच' आणि मग 'पुन्हा प्रपंच' ही कौटुंबिक श्रुतिका लागायची. पंत, त्यांच्या पत्नी मीनावहिनी आणि घरी येणारे टेकाडे भावजी. पात्रं तीन, आवाजही तीन. नीलम प्रभू, बाळ कुडतरकर आणि प्रभाकर जोशी. विषय काय, तर रोजच्या संसारातल्या कुरबुरी. पण वहिनी आणि भावजी समोरासमोर आले की रंगत यायची.

यातल्या मीनावहिनी म्हणजे नीलम प्रभू. पुढं संगीतकार यशवंत देवांशी त्यांचं लग्न झालं आणि त्या करुणा देव झाल्या. नभोनाट्यातला हा मोठा आवाज. तरी रस्त्यानं गेल्या असत्या तर आपल्याकडं किती जणांनी ओळखलं असतं? नाव दोनदा बदललं म्हणा ना, एकदा रेडिओवर, एकदा लग्नानं. लोकांच्या लक्षात राहिल्या त्या मीनावहिनीच.

आता मुद्द्याचं सांगतो. दोघांनी मिळून हसवायचं ही रीत आपल्याला नवी नव्हती. गोंधळात नायक कथा सांगतो आणि साथीदार मधेच तिरपा प्रश्न विचारतो. तमाशाच्या बतावणीत एक सरळ बोलतो, सोंगाड्या शब्द पकडून उलटा फिरवतो. पण या जोड्या बहुतेक पुरुषांच्या. गवळणीतली मावशी सगळ्यात जास्त हसवते, अन् तीही लुगडं नेसलेला पुरुषच! बाईनं नाचावं, गावं. लोकांना हसवायचं काम पुरुषांचं, असाच हिशोब.

रेडिओनं तो हिशोब बदलला. मीनावहिनींना फडावर उभं राहायचं नव्हतं. कुणी बघत नव्हतं, शिट्ट्या मारत नव्हतं. नुसत्या आवाजावर एक बाई भावजींची फिरकी घेत होती, आणि ते सासू-सासऱ्यांसकट सगळं घर एकत्र बसून ऐकत होतं. ज्या घरात सुनेनं मोठ्यानं हसायची चोरी, तिथं हे घडत होतं. याला मी लहान गोष्ट समजत नाही.

मुंबईचा आवाज आपल्यापर्यंत यायचा तो रात्रीचा. दिवसा मिडियम वेव्ह लांब जात नाही. अंधार पडला की वरच्या थरावरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटर जाते. खरखर यायची, आवाज मधेच बुडायचा. १९६८ साली परभणी केंद्र सुरू झालं आणि आपल्या बोलीतली माणसं रेडिओवर ऐकू यायला लागली. तेव्हा आपण परभणी जिल्ह्यातच होतो. हिंगोली वेगळा झाला १ मे १९९९ ला.

करुणाताई आज नाहीत. कुडतरकर जुलै २०२० मध्ये, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी गेले, ऐन लॉकडाऊनमध्ये. सिनेमाच्या नटाचा निदान फोटो तरी भिंतीवर राहतो. रेडिओच्या कलावंताचा टेप हाच फोटो. टेप गेली की माणूस दुसऱ्यांदा जातो.

आपल्या गावाला हे वेगळं सांगायला नको. कुरुंद्याचं नाव महाराष्ट्रभर गेलं ते नरहर कुरुंदकर गुरुजींच्या आडनावातून आणि त्यांच्या वक्तृत्वातून. १० फेब्रुवारी १९८२ ला औरंगाबादला व्यासपीठावरच त्यांनी देह ठेवला. त्यांच्या व्याख्यानांची पुस्तकं झाली, म्हणून तो विचार आज आपल्या हातात आहे. ज्यांचं कुणी लिहून घेतलं नाही, टेप केलं नाही, त्यांचं काय?

जुलै २०२२ च्या पुरात गावात घराघरांत पाणी शिरलं. धान्य, कपडे, भांडी यांचे पंचनामे झाले. भिजलेल्या कॅसेटींचा पंचनामा कोण करणार?

म्हणून विनंती. माळ्यावर, ट्रंकेत जुन्या कॅसेटी असतील, कीर्तन, भारूड, गोंधळ, शाळेचं गॅदरिंग, परभणी केंद्रावरून टेप केलेलं काही, तर भंगारात देऊ नका. बुरशी दिसली तर लगेच प्लेअरला लावू नका, फीत अडकून तुटते. आधी जाणकाराला दाखवा. चांगली असेल तर केबलनं मोबाईल किंवा कॉम्प्युटरवर घेता येते. फाईलच्या नावात कोण, कुठं, कोणत्या साली, एवढं लिहा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला अर्धा तास बोलतं करा, मोबाईल चालू ठेवा.

आणि हो, तुमच्या घरी वहिनी-भावजींचं काय ऐकलं जायचं, ते खाली नक्की लिहा. घरातल्या बायकांना विचारून लिहा.