घरामागचा संडास आणि एक कागद

प्रश्न तसा साधा आहे. गावाकडच्या घराला मागच्या बाजूनं एक खोली वाढवायची आणि तिला लागून संडास काढायचा. आमच्या ढोकीसारख्या गावात हा विषय कुठल्याही घरात निघू शकतो. म्हाताऱ्या माणसांना रात्री अंगण ओलांडून जाणं जमत नाही, गुडघे धरलेले असतात, पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल वेगळाच. मग या कामाला परवानगी लागते का? चार जणांना विचारा, चार उत्तरं मिळतील. "घर आपलं, जागा आपली, परवानगी कसली?" इथपासून ते "धाराशिवला खेटे घालावे लागतील" इथपर्यंत. म्हटलं, शनिवार-रविवार हातात आहे, तर या कागदाचा इतिहासच बघू.

सुरुवात शहरापासून करावी लागते, कारण संडासाचे नियम आधी शहरात आले. मुंबईच्या १८८८ च्या महापालिका कायद्यात 'हलालखोर कर' नावाचा एक कर होता. हलालखोर म्हणजे मैला उचलणारा कामगार. जुन्या वाड्यांत संडास अगदी मागच्या टोकाला असायचा, खाली टोपली, आणि पाठीमागून एक अरुंद बोळ. टोपली उचलणाऱ्यानं बोळातून यायचं, बोळातूनच जायचं. म्हणजे संडास कुठे बांधायचा हे घरातल्या माणसाच्या सोयीवर कमी आणि 'उचलणारा' घरात न येता तिथवर पोचेल का, यावर जास्त ठरायचं. नकाशात जात होती, फक्त तसं लिहिलेलं नव्हतं.

'परवानगी' या शब्दाचा आणखी एक विलक्षण प्रसंग १९३२ सालचा आहे. आप्पासाहेब पटवर्धन तेव्हा रत्नागिरीच्या तुरुंगात राजकीय कैदी होते. तुरुंगात संडास साफ करायचं काम जातीवरून दिलं जायचं. आप्पांनी ते काम आपल्याला द्या अशी मागणी केली. उच्चवर्णीय कैद्याला हे काम देता येत नाही, असं उत्तर मिळालं. त्यावर त्यांनी अन्नसत्याग्रह केला. येरवड्यात गांधीजींना हे कळलं तेव्हा ३ डिसेंबरला त्यांनीही उपोषण सुरू केलं, आणि सरकारनं विचार करायचं आश्वासन दिल्यावर सोडलं. संडास साफ करण्याची सरकारी परवानगी मिळावी म्हणून उपोषण! पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात आप्पांनी खताच्या संडासाचे प्रयोग केले. मैला जागच्या जागी कुजून खत झाला तर तो डोक्यावरून वाहायला माणूसच लागणार नाही, असा हिशोब.

आता गावाकडे येऊ. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला भाग निजामाच्या राज्यात होता. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९५८ चा मुंबई ग्रामपंचायत कायदा इथेही लागू झाला. त्याचं कलम ५२ म्हणजे आपल्या प्रश्नाचं मूळ. गावाच्या हद्दीत इमारत बांधायची किंवा पुन्हा उभारायची तर आधी पंचायतीची परवानगी घ्यायची. पंचायतीनं मुदतीत काहीच कळवलं नाही तर परवानगी मिळाली असं समजायचं. वाचायला झकास आहे. पण या कलमाचा सगळा रोख बांधकामावर. प्रत्यक्षात पंचायतीत भांडणं कशावरून होतात? भिंत रस्त्यात आली का, शेजाऱ्याच्या हद्दीत गेली का, पाणी कुणाच्या दारात सोडलं. संडासावरून भांडण होण्याचा प्रश्नच नव्हता, कारण संडासच नव्हते! सगळं गाव डबा घेऊन परसाकडे. बायकांनी अंधार पडायची वाट बघायची, दिवसा पोटात कळ आली तरी दाबून धरायची. हा त्रास कुठल्याच अर्जात लिहिता येत नव्हता. आमच्या भाषेत सांगायचं तर फॉर्ममध्ये तो रकानाच नव्हता.

३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या ५२ गावांचं नव्या जागी पुनर्वसन झालं. दगडमातीच्या माळवदाच्या वाड्यांऐवजी सरळ रस्ते, सारखे प्लॉट, काँक्रीटची घरं. अनेक घरांत संडासही दिले होते. पण पाणी कुठून आणायचं? आणि खड्डा भरला तर? बऱ्याच ठिकाणी त्या चार भिंतींत सरपण नाहीतर अडगळ जाऊन बसली. हे फक्त भूकंपग्रस्तांचंच झालं असं नाही. १९९७ ते २००० या काळात राज्य सरकारनं अनुदान देऊन लाखो संडास बांधले आणि नंतर पाहणीत त्यातले जेमतेम निम्मे वापरात दिसले.

त्यातून धडा घेऊन २००० साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना. मग केंद्राचा निर्मल ग्राम पुरस्कार, मग पहाटे शिट्ट्या वाजवत फिरणारं 'गुड मॉर्निंग पथक'. आणि इथे कागदाची दिशाच उलटी झाली. ग्रामपंचायत कायद्यात अशी तरतूद आली की निवडणूक लढवायची तर घरी संडास आहे आणि आपण तो वापरतो, याचा दाखला हवा. आधी सरकार विचारत होतं, "कुणाला विचारून बांधलं?" आता विचारायला लागलं, "अजून का नाही बांधलं?" २०१४ पासून स्वच्छ भारत मिशनमध्ये पात्र कुटुंबाला १२,००० रुपये मिळू लागले, आणि एप्रिल २०१८ मध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त जाहीर झाला.

मग आजचं उत्तर काय? डिसेंबर २०२० मध्ये राज्यासाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली आणि २०२१ मध्ये ग्रामीण भागासाठी सवलत जाहीर झाली. साधारण १,६०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर मालकीचा कागद, आराखडा आणि परवानाधारक अभियंत्याचं प्रमाणपत्र ग्रामपंचायतीत द्यायचं, शुल्क भरायचं आणि कामाला लागायचं. १,६०० ते ३,२०० पर्यंत ग्रामपंचायतीची परवानगी घ्यायची, नगररचनाकाराकडे वेगळं जायची गरज नाही. (अर्ज करताना सध्याचा नियम ग्रामपंचायतीत विचारून घ्या, हे दर वर्षा-दोन वर्षांनी हलतं.) खरी अडचण पहिल्या कागदाचीच. गावठाणातलं घर आजोबांच्या नावावर आणि वारस सात. ग्रामपंचायतीचा 'नमुना ८' हा कर आकारणीचा उतारा, मालकीचा पक्का पुरावा नव्हे. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणं मोजून मिळकत पत्रिका द्यायला सुरुवात झाली ती याचसाठी.

एवढं सगळं वाचल्यावर मला एक गोष्ट खटकली. सव्वाशे वर्षांत कागद बदलला, साहेब बदलले, पण गावातला कागद अजूनही भिंतींचाच आहे. लोक खोलीची मापं मन लावून काढतात आणि खड्डा गवंड्यावर सोडतात. गवंडी विचारतो, "केवढी टाकी करू?" आपण म्हणतो, "मोठी कर, लवकर भरायला नको." मग ती टाकी बांधली जाते, शोषखड्डा राहतो, आणि सांडपाणी गटारात. पंधरा वर्षांनी टाकी भरते तेव्हा पुढे खोली, मागे भिंत, गाडीचा पाइप पोचत नाही. मग कुणाला तरी आत उतरवलं जातं. २०१३ च्या कायद्यानं सेप्टिक टँकमध्ये माणूस असा उतरवायला बंदी आहे, तरी त्यात माणसं मरतात. ती कुठल्या वस्तीतली असतात हे वेगळं सांगायला नको. तो जुना बोळ गेला, पण बोळातून येणारा माणूस गेला नाही.

याला उपाय आहे आणि तो महाग नाही. दोन खड्ड्यांचा संडास. एक-दीड मीटर खोल, जाळीच्या विटांचे दोन खड्डे, मध्ये एक चेंबर. एक भरला की दुसऱ्याकडे वळवायचं. पाच माणसांच्या घरात एक खड्डा साधारण तीन वर्षं चालतो, आणि बंद केलेला दीड-दोन वर्षांत कोरडं खत होतो, ते घरच्यानं फावड्यानं काढावं. आपल्या काळ्या जमिनीत पाणी लवकर मुरत नाही, म्हणून खड्ड्याभोवती फूटभर रुंद वाळू-खडीचा थर द्यायचा. विहीर किंवा बोअर जवळ असेल तर अंतर राखायचं.

तेव्हा मंडळी, खोली वाढवायचा आराखडा कराल तेव्हा अभियंत्याला त्यात दोन गोलसुद्धा काढायला सांगा. अर्जात ते कुणी मागणार नाही. तरीही काढा.