एकाने नाही म्हटलं तर

जुलै 1974. पावसाची झड नुकतीच उघडली आहे. नागपूर रस्त्यावर पवनारच्या थांब्याला एसटी तुम्हाला उतरवते आणि चिखल उडवत निघून जाते. काळी माती चपलेला अशी धरते की दहा पावलांत पाय जड होतात. समोर धाम नदी गढूळ वाहते आहे आणि तिच्या काठच्या उंचवट्यावर परंधाम आश्रम आहे. मे महिन्यातला रेल्वेचा संप मोडून दोन महिनेही झालेले नाहीत. धान्य महाग आहे, रॉकेलला रांगा आहेत. तुमच्या पिशवीत टकळी, पेळू आणि एक वही आहे. तुम्ही सर्वोदय कार्यकर्त्यांच्या सर्व सेवा संघाचे लोकसेवक आहात.

संघाची बैठक वर्ध्यात चालू आहे. तिथला गुंता सुटत नाही म्हणून माणसं बाबांना भेटायला पवनारला येतात, परत जातात, पुन्हा येतात. बाबा म्हणजे विनोबा. वय 78, क्षेत्रसंन्यास घेऊन चार वर्षं होत आली. ते आश्रम सोडून कुठे जात नाहीत, देश त्यांच्याकडे येतो.

गुंता साधा नाही. महिन्याभरापूर्वी, 5 जूनला, पाटण्याच्या गांधी मैदानावर जयप्रकाश नारायणांनी, म्हणजे जेपींनी, संपूर्ण क्रांतीची हाक दिली. बिहारची विधानसभा बरखास्त करा, ही विद्यार्थ्यांची मागणी त्यांनी उचलून धरली आहे. जेपी म्हणजे 1954 साली बोधगयेला भूदानासाठी जीवनदान केलेला माणूस, तुमच्या संघाचा दुसरा खांब. आता प्रश्न असा, की संघाने या आंदोलनात उतरायचं की नाही?

सतरंजीवर तुम्ही बसता. डावीकडचे बिहारचे कार्यकर्ते सांगत आहेत, की सहरसा जिल्ह्यात वर्षानुवर्षं ग्रामस्वराज्याचं काम केलं, पण भ्रष्ट कारभारापुढे ते टिकत नाही आणि मुलं आता थांबायला तयार नाहीत. त्यांचा आवाज बसला आहे. उजवीकडच्या बाई सूत न तोडता उत्तर देतात, की सरकार पाडायच्या राजकारणात शिरलो की आपण पक्षच होऊ, मग गावातला माणूस आपल्याला दार उघडणार नाही. दोघेही खरं बोलत आहेत. म्हणूनच तुमच्या पोटात कालवाकालव होते आहे.

मोजणी केली तर निकाल लगेच लागेल. आचार्य राममूर्ती, नारायण देसाई, वर्ध्याचेच ठाकुरदास बंग, असे एकेक मोठे कार्यकर्ते जेपींच्या बाजूचे आहेत. मोठं बहुमत तिकडेच आहे. निर्मला देशपांडे आणि विनोबांच्या विचाराचे इतर लोक अल्पमतात आहेत. पण इथे हात वर करून मोजत नाहीत. संघाचा नियम सर्वसंमतीचा आहे. थोड्यांनी ठामपणे नाही म्हटलं की ठराव अडतो. पंच बोले परमेश्वर या जुन्या म्हणीत पाचही जण एका तोंडाने बोलतात हे विनोबा पुन्हापुन्हा सांगत आले आहेत. तीन विरुद्ध दोन अशा निकालात त्यांना परमेश्वर दिसत नाही.

अशा वेळी जगातल्या बहुतेक सभांपुढे दोनच वाटा असतात. बहुमताने अल्पमताला चेपायचं, किंवा अल्पमताने सगळ्यांना रोखून धरायचं. पवनारहून तिसरी वाट निघते. ज्यांना आंदोलनात जायचं आहे त्यांनी जावं, ज्यांना जायचं नाही त्यांनी आपलं काम करावं, मात्र जाणाऱ्याने सत्य, अहिंसा आणि संयम सोडू नये. संघाच्या नावाने ठराव नाही, आणि कुणाच्या पायात बेडीही नाही.

तुम्ही वहीत हे लिहून घेता तेव्हा हात थरथरतो. माझ्या मते आपल्या सार्वजनिक जीवनात सुचलेल्या उत्तम तोडग्यांपैकी हा एक आहे. नकार देणाऱ्याचं मन मोडलं नाही आणि होकार देणाऱ्याची वाटही अडली नाही.

पण हा तोडगा सालभरही टिकत नाही. वही मिटू नका, मार्च 1975 मध्ये या.

उन्हाळ्याने तोंड दाखवलं आहे, धामचं पात्र उघडं पडायला लागलं आहे आणि पवनारला संघाची पुन्हा बैठक आहे. मधल्या काळात बिहारचं आंदोलन देशभर पसरलं, विरोधी पक्ष जेपींभोवती जमले. आणि बाबा बोलत नाहीत. 25 डिसेंबरपासून त्यांनी वर्षभराचं मौन घेतलं आहे. जुलैत ज्या माणसाने गाठ सोडवली तो समोर आहे, पण शब्द नाही. तुम्ही एका चेहऱ्याकडून दुसऱ्याकडे बघता. दोन्ही बाजू थकल्या आहेत, आणि एकमेकांचं ऐकून घ्यायची ताकद थकलेल्या माणसात उरत नाही. एकमत होत नाही. राजीनामे पुढे येतात, संघ दुभंगतो. एका ताटात जेवलेली माणसं वेगवेगळ्या बसने परततात.

सर्वसंमतीचा दोष तुम्हाला इथे दिसतो, आणि तो झाकण्यात अर्थ नाही. अल्पमताच्या नकाराला जोर होता तो नियमाइतकाच विनोबांच्या वजनाचा होता. ते वजन गप्प झाल्यावर नियम एकटा सभेला सावरू शकला नाही.

त्याच मार्च महिन्यात, पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला, वॉशिंग्टनमध्ये अल्पमताच्या नकाराचा हाच वाद चालू आहे. क्षणभर तिथल्या सिनेटच्या गॅलरीत बसा. 7 मार्च 1975. तिथे अल्पमताच्या हातात फिलिबस्टर नावाचं हत्यार आहे. सदस्याने बोलत राहायचं आणि विधेयक मताला येऊच द्यायचं नाही. 1957 साली स्ट्रॉम थरमंड नागरी हक्कांच्या विधेयकाविरुद्ध 24 तास 18 मिनिटं बोलले होते. चर्चा बंद करण्याची तरतूद 1917 पासून आहे, पण तिला हजर राहून मत देणाऱ्यांचं दोन-तृतीयांश मत लागतं. आज 56 विरुद्ध 27 मतांनी सिनेट ही अट खाली आणते आहे. आता एकूण सदस्यांचे तीन-पंचमांश, म्हणजे शंभरातले 60, पुरेसे.

तुम्ही गॅलरीतून पवनारकडे मन वळवता आणि फरक लख्ख दिसतो. सिनेटची सुधारणा आकड्याची आहे. आणि त्याच दशकाच्या आरंभी सिनेटने एक वेगळी सोयही केलेली आहे. एखादं विधेयक अडलं तर ते बाजूला ठेवून दुसरं कामकाज चालू ठेवायचं. म्हणजे अडवणाऱ्याला आता रात्रभर उभं राहून बोलण्याचीही गरज फारशी उरली नाही. नुसती धमकी पुरते. नकाराची किंमत नकार देणाऱ्याने भरायची की इतरांनी, हा खरा प्रश्न तिथे मागे पडला. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गोऱ्या सदस्यांनी हे हत्यार कित्येक वर्षं कृष्णवर्णीयांच्या हक्कांविरुद्ध चालवलं. त्यांचा नकार भोगला दुसऱ्यांनीच.

सेवाग्रामची, म्हणजे गांधींची, शिकवण याच्या उलट आहे. अडवायचं असेल तर अडवणाऱ्याने आधी स्वतः झीज सोसावी. उपास त्याचा, तुरुंग त्याचा, उन्हात उभं राहणं त्याचं. फिलिबस्टर सुधारायचा का, असं मला कुणी विचारलं तर मी 60 चे 55 करा असं सांगणार नाही. नाही म्हणणाऱ्याला सभेत बसवा, बोलायला लावा, त्याच्या नकाराला कारण मागा, आणि इतरांना त्याच्या डोक्यावर पाय न देता पुढे जाता येईल अशी वाट त्यालाच शोधायला लावा, असं सांगेन. आपल्या लोकसभेत तर असली सोयच नाही. ठरलेली वेळ संपली की उरलेल्या अनुदानाच्या मागण्या चर्चेविना एकदम मताला टाकल्या जातात, त्याला गिलोटिन म्हणतात. ऐकून घ्यायची हमी नाही, म्हणून विरोधक सभापतींसमोरच्या मोकळ्या जागेत, वेलमध्ये, उतरतात.

पवनारला परत या. 25 जून 1975 ला आणीबाणी लागते. जेपी तुरुंगात जातात, ठाकुरदास बंगही जातात. जुलै 1974 मध्ये तुमच्या डावीकडे बसलेले कार्यकर्ते कुठल्या कोठडीत आहेत, तुम्हाला ठाऊक नाही. वर्तमानपत्रात काही छापून येत नाही.

25 डिसेंबरला बाबांचं मौन सुटतं. ते देशभरातल्या आचार्यांना पवनारला बोलावतात. निर्भय, निर्वैर, निष्पक्ष राहून त्यांनी एकमताने काय ते सांगावं. जानेवारी 1976, थंडीचे दिवस. निमंत्रक श्रीमन्नारायण वर्ध्याचेच, जमनालाल बजाजांचे जावई, गुजरातचे माजी राज्यपाल. कुलगुरू, न्यायाधीश राहिलेले लोक, लेखक जमले आहेत. यात सरकारशी जुळवून घेऊ पाहणारे आहेत आणि रागाने धुमसणारेही. बोलताना प्रत्येक जण दाराकडे एकदा बघतो.

तीन दिवस शब्दाशब्दावर खल होतो. एकाला कठोर वाटतं ते दुसऱ्याला भ्याड वाटतं. इथे मोजणी झाली असती तर कुणी कुणी हात वर केले याची यादी दिल्लीला गेली असती, आणि हरलेली बाजू वेगळी काढून चिरडता आली असती. शेवटी एकमताचं निवेदन तयार होतं. देशाने लवकर पूर्वपदावर यावं, असं त्यात सौम्य भाषेत म्हटलं आहे. सभेतल्या तरुणांना ते फार मिळमिळीत वाटलं असेल. पण सगळ्यांचं म्हणून ते एकच होतं. सरकारला ते रुचलं नाही.

आणीबाणी मार्च 1977 पर्यंत उठली नाही. त्या निवेदनाने ती उठली असा दावा मी करणार नाही. पण त्या वर्षात देशात दुसऱ्या किती ठिकाणी इतक्या भिन्न मतांची माणसं एका कागदाखाली उभी राहू शकली? एकमताची ही सवय पवनारला नवी नव्हती. आश्रमातल्या ब्रह्मविद्या मंदिराच्या भगिनी 1959 पासून आपला कारभार सर्वसंमतीनेच चालवतात. शेतात काय पेरायचं इथपासून. एकीला पटलं नाही तर विषय पुढच्या बैठकीला पुन्हा घेतला जातो.