पाळणाघरातली शांतता

एखादं पाळणाघर कसं आहे असं विचारलं, की बहुतेक आईबाप आधी हेच सांगतात, "छान आहे हो. अगदी शांत! मुलं दुपारी तीन-तीन तास झोपतात." हे ऐकलं की माझ्या मनात पाल चुकचुकते. तीस-बत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत काढली आहेत. जागी असलेली पाच-सहा लहान मुलं एका खोलीत किती वेळ शांत राहतात, ते मला विचारा! शिवाय बी.ए.ला इतिहास होता, आणि या 'शांत' शब्दाचा इतिहास काही बरा नाही.

सुरुवात लंडनपासून करावी लागेल. एकोणिसाव्या शतकात तिथल्या कामकरी बायका, विशेषतः लग्नाशिवाय आई झालेल्या मोलकरणी, आपली तान्ही मुलं पैसे देऊन दुसऱ्या बाईकडे ठेवत. अशा बायका वर्तमानपत्रात जाहिराती देत. 1870 साली पोलीस ब्रिक्स्टनमधल्या मार्गारेट वॉटर्स नावाच्या बाईच्या घरात शिरले. आत काही तान्ही मुलं एका कोचावर ओळीने पडलेली होती. अस्वच्छ, उपाशी, आणि अगदी गप्प. त्यांना अफूचा अर्क पाजलेला होता. वॉटर्सला त्याच वर्षी फाशी झाली. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र त्या घरातून रडण्याचा आवाज येत नव्हता, एवढंच कळलं असतं.

मग 1872 साली कायदा झाला. एक वर्षाच्या आतली एकापेक्षा जास्त मुलं चोवीस तासांपेक्षा अधिक काळ पैसे घेऊन ठेवायची, तर नोंदणी हवी. गंमत पाहा, फक्त दिवसापुरतं मूल सांभाळणाऱ्या बाईला यातून वगळलं. तिलाही कायद्यात घ्यायचा विचार होता, पण त्याला विरोध करणाऱ्यांत स्त्रियांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्याच पुढे होत्या. गरीब शेजारणी एकमेकींची मुलं सांभाळतात, त्यात सरकारने नाक खुपसू नये, असं त्यांचं म्हणणं. ते अगदीच चूक होतं असं मला वाटत नाही. पण इंग्लंडमध्ये दिवसापुरती मुलं सांभाळणाऱ्यांची नोंदणी व्हायला त्यानंतर 1948 साल उजाडलं. म्हणजे तब्बल शहात्तर वर्षं!

तुम्ही म्हणाल, लंडनची ही कर्मकथा आम्हाला कशाला? तर आता गिरणगावात या.

परळ-लालबागच्या गिरण्यांत हजारो बायका काम करत. घाटावरून किंवा कोकणातून आलेल्या, घरात सासू नाही, आई नाही. तान्हं मूल खोलीवर ठेवायचं किंवा शेजारणीच्या हवाली करायचं आणि भोंगा झाला की पळायचं. मूल दिवसभर रडू नये म्हणून सकाळीच त्याला अफूची गोळी द्यायची. तिला नावही किती गोड, बाळागोळी! सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या बाईंनी 1922 च्या सुमारास गिरणीकामगार स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी केली, तेव्हा ही चाल जवळजवळ घरोघर असल्याचं त्यांना दिसलं. कामगारांविषयीच्या रॉयल कमिशनच्या 1931 च्या अहवालातही तिचा उल्लेख आहे. अफूने मुलाची भूक मरते, ते सुकत जातं. पण संध्याकाळी आई येई तेव्हा मूल झोपलेलं असे, आणि 'आज त्रास दिला नाही' एवढं ऐकून ती चुलीकडे वळे. त्या आयांना नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. दुसरा कुठला मार्ग त्यांच्यापुढे ठेवला होता कुणी?

मार्ग आला तो हळूहळू. काही गिरण्यांनी पाळणाघरं काढली. 1934 च्या कारखाना कायद्याने प्रांतांना ती सक्तीची करण्याचा अधिकार दिला आणि 1948 च्या कायद्याने पन्नासहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यात पाळणाघर बंधनकारक झालं. 1976 मध्ये हा आकडा तीसवर आला. खोली उजेडाची, हवेशीर, स्वच्छ हवी आणि सांभाळणारी बाई शिकलेली हवी, असं कायद्यातच लिहिलेलं होतं. बांधकामावरच्या मजूर बायकांना याचा उपयोग नव्हता. त्यांच्या मुलांसाठी मीरा महादेवन यांनी 1969 साली दिल्लीत 'मोबाइल क्रेशेस' सुरू केलं. आपल्याकडे कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र आणून विकासवाडी उभी केली, हे तर आम्हा शिक्षकांना पाठच आहे.

आणि घरगुती पाळणाघर? दोन खोल्यांत चार-सहा मुलं सांभाळणाऱ्या काकू या कुठल्याच कायद्यात बसत नव्हत्या. डोंबिवली, ठाणे, पुणे इथल्या माझ्या पिढीच्या नोकरदार बायका तरल्या त्या या काकूंच्या जिवावर. आमच्या मजल्यावरच्या काकूंकडे माझी मुलगी तीन वर्षं होती. घर काही टापटीप नसे. दोऱ्यांवर लंगोट वाळत असायचे, खालच्या जिन्यापर्यंत कालवा ऐकू यायचा. पण मी न्यायला गेले की काकू सांगायच्या, "आज वरण सांडलं म्हणून रडली. दुपारी झोपली नाही, कावळा बघत बसली." प्रत्येक मुलाचं असं वेगळं सांगायच्या. ज्या बाईने मुलाकडे दिवसभर पाहिलेलं नाही, तिला हे सांगताच येणार नाही. ती म्हणेल, "छान राहिली."

2016 च्या नोव्हेंबरात खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला दाईने मारहाण केल्याचं उघड झालं. तिथे कॅमेरा होता, चित्रणही झालं होतं, पण ते पाहिलं गेलं ते नंतर. तेव्हापासून जो तो विचारतो, कॅमेरा आहे का? असावा, जरूर असावा. पण मला 2017 च्या मातृत्व कायद्यातल्या दुरुस्तीतली एक गोष्ट त्याहून मोलाची वाटते. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय ठेवायचीच, पण आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायचं, असंही त्यात घातलं. वॉटर्सच्या कोचापर्यंत कोणी असं चार वेळा गेलं असतं तर?

परवा सूनबाई नातीसाठी एक घर पाहून आली. सकाळी अकराची वेळ ठरवून गेली होती, भिंतीवर ससे-हत्ती रंगवलेले, फरशी चकचकीत. तिला म्हटलं, आता न सांगता साडेतीनला जा. दाराची कडी उघडायला किती वेळ लागतो बघ, गॅलरीला जाळी आणि गॅसला आडोसा आहे का बघ, खोकल्याच्या औषधाची बाटली कुणाची आहे ते विचार. एका बाईच्या अंगावर किती मुलं आहेत ते मोज. आणि मुलं झोपलेली असतील तर जाग येईपर्यंत थांब. उठल्यावर ती कुणाकडे धावतात ते पाहूनच ये.

ती म्हणाली, "आई, बाई रागावतील." मी म्हटलं, रागावल्या तर तेही येऊन सांग.