अटॅच रेट

एका गेम कन्सोलमागे सरासरी किती गेम विकले गेले, हे सांगणारे प्रमाण. विकलेल्या एकूण गेमना विकलेल्या यंत्रांनी भागून ते काढतात. कन्सोल पुष्कळदा अत्यल्प नफ्यात किंवा तोट्यातही विकला जातो. निर्मात्या कंपनीची कमाई होते ती स्वतःच्या गेममधून आणि इतर प्रकाशकांच्या प्रत्येक गेमवर मिळणाऱ्या स्वामित्वशुल्कातून. म्हणून केवळ यंत्रांच्या खपावरून यश मोजणे अपुरे ठरते.

कन्सोल बनवणाऱ्या निन्टेन्डो कंपनीच्या आकडेवारीत हे ठळकपणे दिसते. २००१ साली आलेल्या गेमक्यूबची जेमतेम २ कोटी १७ लाख यंत्रे खपली, पण गेम सुमारे २० कोटी ८६ लाख. म्हणजे यंत्रामागे ९.६. त्यानंतरच्या वीची १० कोटी १६ लाख यंत्रे विकली जाऊनही प्रमाण ९.१ च्या आसपासच राहिले. निन्टेन्डो ६४ चे ६.८, तर गेम बॉयचे अवघे ४.२ भरते. गेमक्यूबला सरसकट अपयशी म्हणणे त्यामुळे अन्यायाचे वाटते : ग्राहक थोडे, पण भरपूर गेम घेणारे होते.

हा आकडा जपूनच वाचावा लागतो. जपान आणि दक्षिण कोरिया वगळता बहुतेक ठिकाणी ‘वी स्पोर्ट्स’ यंत्रासोबतच मिळे, तरी त्याच्या ८ कोटींहून अधिक प्रती विक्रीत धरल्या आहेत. जुन्या गेमची फेरविक्री मात्र मोजली जात नाही. कन्सोल बाजारात नवा असताना प्रमाण कमी असते आणि वर्षांगणिक चढत जाते.

एकेका गेमसाठीही हे प्रमाण काढतात. मार्च २०१७ मध्ये अमेरिकेत निन्टेन्डोचे ९,०६,००० स्विच कन्सोल विकले गेले आणि त्यावरील ‘झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड’च्या प्रती ९,२५,००० हून अधिक खपल्या.