आयनांचे मोल व मोलॅरिटी

द्रावणातील प्रत्येक आयनाचे प्रमाण काढण्याची रीत. मोल म्हणजे ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण. २०१९ पासून ही संख्या व्याख्येनेच ठरलेली आहे. एक लिटर द्रावणात जितके मोल, तितकी त्याची मोलॅरिटी (रेणुता).

बाटलीवर नाव क्षाराचे असते, पण पाण्यात गेल्यावर त्याचे आयन सुटे होतात. हा विचार स्वीडनचे स्वांते अरेनियस यांनी १८८० च्या दशकात मांडला; १९०३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना त्यासाठीच मिळाले. म्हणून क्षाराचे मोल काढून थांबता येत नाही. क्षाराच्या एका सूत्रातून कोणता आयन किती वेळा सुटतो, त्या संख्येने गुणावे लागते.

जलसंजीवनी (ओआरएस) हे याचे उत्तम उदाहरण. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी २००२ मध्ये स्वीकारलेल्या सूत्रात लिटरमागे सोडियम क्लोराइड २.६ ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ग्लुकोज १३.५ ग्रॅम असते. २.६ ला ५८.४४ ने भागले की सोडियम क्लोराइडचे ४४.५ मिलिमोल येतात. सायट्रेटच्या स्फटिकात पाण्याचे दोन रेणू असतात. म्हणून भाजक २९४.१ घ्यायचा आणि उत्तर ९.८६ मिलिमोल. इथे पुष्कळांचे गणित फसते: निर्जल क्षाराचा २५८.१ हा आकडा घेतला तर उत्तर १४ टक्क्यांनी फुगते. पोटॅशियम क्लोराइड २०.१ मिलिमोल भरते.

आता आयन मोजू. सोडियम दोन क्षारांतून येतो, आणि सायट्रेटच्या एका सूत्रातून तीन : ४४.५ + ३ × ९.८६ = ७४.१. क्लोराइड ४४.५ + २०.१ = ६४.६. छापील तक्त्यांत हेच आकडे ७५ आणि ६५ असे पूर्णांकात दिसतात. ग्लुकोजचे आयन होत नाहीत.

पडताळा सोपा आहे. धन प्रभार ७४.१ + २०.१ = ९४.२, ऋण प्रभार ६४.६ आणि त्रिप्रभारी सायट्रेटचे २९.६, मिळून ९४.२. बेरजा जुळल्या नाहीत तर गणितात कुठेतरी चूक आहे.

तीच पुडी एका लिटरऐवजी पाऊण लिटरात कालवली तर मोल बदलत नाहीत, पण सोडियम लिटरमागे ७५ वरून १०० मिलिमोलवर जातो. पुडीवर पाण्याचे माप ठळक छापतात ते उगाच नव्हे.

दोन द्रावणे मिसळताना मोलॅरिटींची बेरीज करू नये. आधी मोलांची बेरीज करावी, मग एकूण आकारमानाने भागावे. साका बसत असेल तर त्यात अडकलेले आयन वजा करावेत. ०.१० मोलर सिल्व्हर नायट्रेटच्या ५० मिलिलिटरमध्ये ०.०६ मोलर मिठाचे ५० मिलिलिटर ओतले तर ३ मिलिमोल सिल्व्हर क्लोराइड खाली बसते आणि द्रावणात चांदीचे आयन ०.०२ मोलर उरतात. नायट्रेट मात्र सगळा तसाच, ०.०५ मोलर. दुर्बल आम्लांना हा हिशेब लागू नाही : ०.१ मोलर ॲसिटिक आम्लात हायड्रोजन आयन २५ अंश सेल्सियसला जेमतेम ०.००१३ मोलर असतात, आणि ते काढायला विचरण स्थिरांक लागतो.