त्यास मान कीं त्या समान?

हिंगोली जिल्ह्यांतील एखाद्या जुन्या घराण्याच्या दप्तरांत मोडीचा एक कागद निघाला, आणि त्यांत ‘त्यासमानदुसरानाहीं’ अशी ओळ सांपडली, असें समजूं. मोडीचा लेखक शिरोरेघ आधीं ओढून अक्षरें सलग लिहीत जातो; शब्द तोडणें वाचणाऱ्याकडे. ‘त्या समान दुसरा नाहीं’ म्हटलें तर ती एका पुरुषाची थोरवी होते. ‘त्यास मान दुसरा नाहीं’ म्हटलें तर त्याच्या हक्काची मर्यादा ठरते. ज्या कुळाचा पिढीजात मान वादांत आहे, त्याला हा फरक लहान वाटणार नाहीं.

अशा ठिकाणीं अचूक तर्क करणारा दैववान वाचक श्रेष्ठ, कीं सर्व शक्यता सांभाळीत जाणारा सावध वाचक? हा प्रश्न गणितांत मायकेल राबिन व डेना स्कॉट यांनीं सोडविला. १९५७ च्या उन्हाळ्यांत आय. बी. एम. कंपनींत केलेलें त्यांचें काम १९५९ सालीं प्रसिद्ध झालें. एकाच अक्षरावर अनेक वाटा फुटणारें, आणि त्यांतील एक जरी वाट सिद्धीस गेली तरी होकार देणारें ‘अनिश्चित’ यंत्र त्यांनीं कल्पिलें. मग त्यांनीं दाखविलें कीं, असें यंत्र जें ओळखतें तें सर्व ‘निश्चित’ यंत्रही ओळखतें.

युक्ति साधी आहे. ‘त्या’ वाचल्यावर ‘शब्द संपला’ व ‘शब्द चालू आहे’ अशा दोन अवस्था संभवतात. कोणतीही एक न निवडतां त्या जोडीलाच एक नवी अवस्था मानावें. पुढें ‘स’ आला कीं ‘त्यास’ पुरा झाला किंवा ‘समान’ सुरू झाला. ही दुसरी जोडी. पहिल्या जोडीवरून दुसरी कोणती, हें पूर्ण ठरलेलें असतें. तर्काला वाव राहत नाहीं.

याची किंमत मात्र पडते. मूळ अवस्था १० असतील तर त्यांचे संच १०२४ पर्यंत जातात. सुदैवानें पुष्कळदां त्यांतले थोडेच उपयोगांत येतात. १९६८ सालीं केन टॉम्प्सन यांनीं मजकुरांतील शोधासाठीं जी पद्धति दिली, तींत वाचतां वाचतां चालू शक्यतांचा संच तेवढा जवळ बाळगला कीं भागतें. राबिन व स्कॉट यांना १९७६ चें ट्युरिंग पारितोषिक मिळालें.

आमच्या कागदाची ओळ संपली तरी दोन्ही अर्थ उभेच आहेत. निश्चितपणा म्हणजे संशयाचा नाश नव्हे. संशयाचा चोख हिशेब होय. आम्हीही तरुणपणीं पहिल्या शब्दावर निर्णय करून उरलेला कागद त्याकडे वांकविला आहे. आतां वाटतें, पुढचा पुरावा येईपर्यंत दोन्ही वाचनें शेजारीं लिहून ठेवणें, हाच इतिहासाचा प्रामाणिकपणा.